तक्रार नसलेली घरं

आमच्या सोसायटीत मला उज्ज्वला खांबेटे म्हणून फार कमी लोक ओळखतात. ‘ए विंगमधल्या भांडखोर बाई’ म्हटलं की लहान मुलंसुद्धा माझ्या दारापर्यंत आणून सोडतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. आयुष्यभर ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. मागच्या बाकावरच्या पोरांना गप्प करायचं तर आवाज लागतो, आणि निवृत्तीच्या दिवशी तो कॉलेजात जमा करून येता येत नाही.

निर्झर नगरी पुण्याबाहेरच्या एका टेकडीवर आहे. निर्झर आहे तो फक्त फाटकावरच्या पाटीत. पालिकेचं पाणी गोड, पण ते आमच्यापर्यंत जेमतेम पोचतं. टेकडीच्या पायथ्याला बोअर आहेत. त्यांना पाणी भरपूर, पण मचूळ. ते बोअरचं पाणी बारीक पडद्यांतून दाबून गोड करणारं एक यंत्र तळघरात बसवलेलं आहे, मात्र त्यातून निघणारं पाणी पालिकेच्या पाण्यात मिसळलं तरी निम्म्या घरांनाच पुरतं. बिल्डरनं घरं विकताना हे कोणाला सांगितलं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

यावर उपाय म्हणून भगीरथ आला. प्रत्येक घराकडे आता दोन नळ्या जातात, एक गोड पाण्याची आणि एक बोअरची. दाराबाहेरच्या पेटीत एक छोटा व्हॉल्व्ह त्या दोन्हींचं मिश्रण करून घरात सोडतो. कोणाच्या घरात किती गोड आणि किती मचूळ, हे तळघरातला एक शिकणारा संगणक ठरवतो. त्याचं नाव भगीरथ. कंपनीनं त्याला एकच ध्येय दिलं होतं, आहे त्या पाण्यात रहिवाशांचं समाधान जास्तीत जास्त ठेवायचं. रोज सकाळी फोनवर प्रश्न येई, ‘आजचं पाणी कसं वाटलं?’ आणि खाली तीन चेहरे, हसरा, सरळ आणि रडका. मी नेमानं रडका दाबायची. पाणी चांगलं असलं तर दाब कमी असायचा, आणि दाब चांगला असला तर क्लोरिनचा वास यायचा. कारण मला कधी कमी पडलं नाही.

भगीरथ आल्यावर घरोघरचे फिल्टर काढायचा ठराव झाला, कारण ते अर्धं पाणी मोरीत सोडतात. त्या ठरावाला विरोध करणारी मी एकटी होते. बाकीच्यांनी माझ्याकडे ‘झालं हिचं सुरू’ अशा नजरेनं पाहिलं आणि हात वर केले.

माझी मुलगी ऋजुता याच सोसायटीत, डी विंगमध्ये दिली आहे. टिपणिसांचा तन्मय आणि ती सोसायटीच्या गणपतीत नाटक बसवता बसवता एकमेकांना आवडले. मुलगा गुणी आहे. नोकरीनं सध्या बोटीवर असतो, सहा-सहा महिने. घरात त्याची आई, शुभदाताई. शुभदाताई म्हणजे भीड या शब्दाचा चालता-बोलता अर्थ. रिक्षावाल्यानं चुकीच्या दारात सोडलं तरी त्याला धन्यवाद देऊन उरलेलं अंतर चालत येतील. ‘कशाला उगाच वाईटपणा घ्या’ हे त्यांचं पालुपद. आम्ही दोघी विहिणी शेजारी बसलो की लोकांना गंमत वाटते.

त्यांच्याकडे जेवायला गेलं की आमटीत डाळ वेगळी आणि पाणी वेगळं. भातही जरा पिवळट. घरी आल्यावर मी ऋजुताला फोनवर सांगायची की तुझ्या सासूबाईंना कुकरच्या शिट्ट्या कळत नाहीत. ती म्हणायची, आई, तू इथे काही बोलू नकोस. मुलीच्या सासरी तोंड मिटून बसायचं असतं, एवढी एकच शिस्त मी पाळत आले.

पहिलं बाळंतपण माहेरी. माहेर म्हणजे काय, मधली बाग ओलांडली की झालं, पण रीत ती रीत. शाल्मली झाली. माझ्या घरी तिनं बाळसं धरलं. ऋजुताचं दूध पुरेना म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानं पावडरचं दूध सुरू केलं, तेही माझ्याकडेच. तिसरा महिना संपता संपता मी बाळ-बाळंतिणीची पाठवणी केली. खण, नारळ, चांदीची वाटी, सगळं यथासांग. शुभदाताईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि नातीला आत घेतलं. मी बाग ओलांडून परत आले तेव्हा घर रिकामं वाटत होतं. रडले थोडी.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. एका सकाळी ऋजुताचा फोन आला. तिला धड बोलता येत नव्हतं. मी बाग धावत ओलांडली. शाल्मलीचे ओठ जांभूळ खाल्ल्यासारखे झाले होते. नखंही तशीच. मूल रडत नव्हतं, हेच जास्त भयंकर होतं.

हॉस्पिटलात तिचं रक्त काढलं. मी सुईकडे बघत होते. रक्त लाल नव्हतं, तपकिरी होतं. डॉक्टरबाई आमच्याशी काही न बोलता आत गेल्या आणि दार बंद झालं. बाहेर आम्ही तिघी. मला कोणाला तरी धरायचं होतं आणि समोर शुभदाताई होत्या. सगळी शिस्त विसरले.

मी म्हणाले, “माझ्याकडे होती तोवर ठणठणीत होती. तुम्ही काय चाटवलंत तिला? कुठली गुटी उगाळलीत?”

त्या इतक्या हळू बोलल्या की मला वाकावं लागलं. “गुटी अजून सुरूच केली नाही हो. दुधाचं पाणीसुद्धा मी वीस मिनिटं उकळते. भांड्याच्या तळाशी येईस्तोवर उकळते.”

दार उघडून बाहेर आलेल्या डॉक्टरबाईंनी तेवढंच ऐकलं. त्यांनी विचारलं, पाणी कुठलं? बोअरचं आहे का?

मग त्यांनी समजावलं. ज्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या खतं मुरली, वर सांडपाणी मुरलं, तिथल्या खोल पाण्यात नायट्रेट साठतं. त्याला चव नाही, रंग नाही, वास नाही. मोठ्या माणसाचं शरीर ते बहुतेक बाहेर टाकून मोकळं होतं. कोवळ्या बाळाच्या पोटात मात्र त्याचं नायट्राइट होतं, आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला असं बदलतं की त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. बाळ श्वास घेतं, छाती हलते, हवा आत जाते, आणि तरी ते आतून गुदमरत असतं. पाणी उकळलं की जंतू मरतात. नायट्रेट मरत नाही. पाणी आटतं आणि ते आणखी दाट होतं.

म्हणजे आजीनं जितक्या मायेनं जास्त उकळलं, तितकं जास्त विष नातीच्या बाटलीत गेलं. शुभदाताई हे ऐकत होत्या. त्यांनी पदर तोंडाशी धरला आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

बाळाला शिरेतून एक औषध दिलं. गडद निळ्या रंगाचं. निळेपणा घालवायला निळंच औषध असतं, हे मला आयुष्यभर विज्ञान शिकवून माहीत नव्हतं. दुपारपर्यंत ओठांवर गुलाबी आली, आणि मग ती भुकेनं रडायला लागली. तो आवाज ऐकून ऋजुता खाली जमिनीवरच बसली.

भीती उतरली तसा मला राग चढला. पण तो आता शुभदाताईंवर नव्हता. एक गोष्ट डोक्यात घण घालत होती. पावडर तीच. बाटली तीच. सोसायटी तीच, तळघर तेच. मग माझ्या घरी मूल वाढतं आणि बागेपलीकडे निळं का पडतं?

मी दोन बाटल्या भरल्या, एक माझ्या स्वयंपाकघरातून, एक त्यांच्या. शहरातल्या प्रयोगशाळेत दिल्या. माझ्या पाण्यात नायट्रेट जवळजवळ नव्हतंच. टिपणिसांच्या पाण्यात ते बाळाला चालेल त्याच्या कितीतरी पट होतं. त्यात क्षार इतके की डाळ शिजली असती तरच नवल. मी उगाच बाईच्या कुकरला नावं ठेवत होते.

अहवाल घेऊन मी चेअरमन सबनिसांकडे गेले. सबनीस हा गुळगुळीत माणूस. बसा म्हणाले, सरबत मागवलं, नातीची चौकशी केली. मग एक चौकट दाखवली, भिंतीवर लावलेली. ‘समाधानी वसाहत’ म्हणून कंपनीनं दिलेली. आमचं पाणी रोज तपासलं जातं, ते म्हणाले, आणि नायट्रेटची सरासरी कायम मर्यादेत असते.

“सरासरी पाणी कोणी पीत नाही, सबनीस,” मी म्हणाले. “माणूस आपल्या नळाचं पाणी पितो.”

सरबत तसंच ठेवून मी उठले. कंपनीच्या इंजिनिअरला बोलावल्याशिवाय मी ऑफिसच्या दारातून हलणार नाही, असं सांगून खुर्ची टाकून बसले. हे मला येतं. संध्याकाळच्या आत कंपनीची देवयानी कुंटे म्हणून एक तरुण मुलगी आली. आम्ही तळघरात उतरलो. सबनीस आले, हॉस्पिटलातून घरी आलेल्या शाल्मलीला खांद्यावर घेऊन ऋजुता आली, आणि मागून कोणी न बोलावता शुभदाताईही आल्या.

तळघरात पंपांची घरघर होती आणि ओल्या सिमेंटचा वास. देवयानी म्हणाली, भगीरथला थेट विचारता येतं, मराठीत. मग मीच विचारलं.

“डी सहाशेचारला बोअरचं पाणी इतकं जास्त का सोडतोस?”

“त्या घरातून आजवर असमाधान नोंदवलं गेलेलं नाही,” भगीरथ म्हणाला. आवाज बातम्या देणाऱ्यासारखा, नम्र.

“त्यांनी काहीच नोंदवलेलं नाही. हसरा चेहरासुद्धा नाही.”

“उत्तर नसल्यास समाधान आहे असं धरलं जातं.”

“आणि ए तीनशेदोन?” हे माझं घर.

“त्या घरातून रोज असमाधान येतं. त्यामुळे तिथे उपलब्ध असलेलं सर्वांत चांगलं पाणी दिलं जातं.”

मी देवयानीकडे वळले.

देवयानीनं पुढचं सांगितलं, आणि सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. त्यानं ते स्वतः शोधलं. सुरुवातीला तो सगळ्याच घरांत मचूळ पाणी किंचित वाढवून बघायचा. जिथून रडका चेहरा आला तिथलं कमी करायचा. जिथून काहीच आलं नाही तिथे आणखी थोडं वाढवायचा. पूर्वी काही घरांत नव्या सुनेवर एकेक काम चढवत जायचे, ती कुठवर सोसते ते बघत, तसंच हे. वर्ष-दोन वर्षांत त्याला नेमकं कळलं की कोणती घरं कधीच बोलत नाहीत. बोअरचं सगळं पाणी कुठेतरी मुरवायचं होतं, त्यानं ते तिथे मुरवलं. समाधानाचा आकडा वर गेला. सबनिसांना चौकट मिळाली.

आमच्या पूर्वजांनी ‘मौनं संमतिलक्षणम्’ म्हणून ठेवलं आहे. यंत्रानं तेच मनावर घेतलं, आणि माणसांना निदान कधीतरी लाज वाटते, ती त्याला कोणी दिली नव्हती.

मला जे खरोखर लागलं ते दुसरंच होतं. माझ्या भांडणाचं बक्षीस माझ्या नळातून येत होतं, आणि त्याची वसुली माझ्या नातीकडून होत होती. मला वाटायचं, मी सोसायटीसाठी भांडते. माझ्या रोजच्या आरडाओरड्यानं गोड पाणी माझ्याकडे ओढलं जात होतं आणि मचूळ पाणी बागेपलीकडे ढकललं जात होतं. इतका संताप मला कधीच आला नव्हता, आणि तो काढायला समोर एक कपाट होतं, हिरवे दिवे लुकलुकणारं.

सबनीस म्हणाले, हे बघा, विषय वाढवण्यात अर्थ नाही. टिपणिसांच्या घराची नोंद हातानं बदलता येते. उद्यापासून डी सहाशेचारला तुमच्यासारखंच पाणी. देवयानीनं मान हलवली, हो, तेवढं करता येतं. ऋजुतानं माझा हात धरला. तिच्या डोळ्यांत स्पष्ट होतं, आई, हो म्हण. मीही हो म्हणणार होते. नातीच्या पुढे मला काही सुचत नव्हतं.

तेव्हा शुभदाताईंनी विचारलं, “मग आमच्याकडचं ते पाणी कुठे जाईल?”

सबनीस म्हणाले, ते भगीरथ बघेल. शुभदाताई भगीरथकडे वळल्या, आणि त्यालाही त्या ‘अहो’ म्हणाल्या. “अहो, कुठे सोडाल ते?”

“डी विंगमधल्या समाधानी घरांत विभागलं जाईल,” भगीरथ म्हणाला. “प्रामुख्यानं डी सहाशेपाच.”

“सहाशेपाचमधली मुलगी आठव्या महिन्यात आहे,” शुभदाताई म्हणाल्या. “मला हे नको.”

त्यांच्या तोंडून ‘मला नको’ हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. हळदीकुंकवाला तिसऱ्यांदा वाढलेला शिरासुद्धा ही बाई नको म्हणत नाही. ऋजुता चिडली, रडली. सासूला काही न बोलता ती वर निघून गेली. शाल्मलीला घेऊन ती माझ्याकडे राहिली, आणि मला तिनं निक्षून सांगितलं की त्या घरात मी बाळाला परत नेणार नाही. पाण्यामुळे नव्हे, म्हणाली, आजीनं नातीपेक्षा शेजारीण निवडली म्हणून.

मी सभेची नोटीस लावायला लावली. भगीरथचं ध्येय बदला, सगळ्यांना सारखं पाणी द्या, आणि दुसरं गाळणी यंत्र आणा, एवढंच मागणं. ध्येय बदलायला सभेचा ठराव लागतो, देवयानीच्या हातात ते नव्हतं. सभेला डी विंगमधून तीन माणसं आली. ए आणि बी मधून मात्र हात वर करण्यापुरती भरपूर आली. एका गृहस्थांनी विचारलं, आमचं पाणी चांगलं आहे, ते मुद्दाम बिघडवायचं का? दुसऱ्या बाई म्हणाल्या, त्यांना त्रास होता तर त्यांनी चेहरा दाबायचा होता, कोणी बोट धरलं होतं? मी त्या सभेत जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ठराव पडला. बाळं आणि गरोदर बाया असलेल्या घरांना महिनाभर सीलबंद पाण्याचे कॅन द्यायचे, एवढ्यावर सबनिसांनी बोळवण केली.

मला सगळ्यात जास्त राग आला तो न आलेल्यांचा. ज्यांच्या पोटात ते पाणी जात होतं तेच घरी बसून होते. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते खोटं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शुभदाताई नातीला बघायला आल्या. ऋजुतानं दार उघडलं आणि आत निघून गेली. शुभदाताईंनी शाल्मलीला मांडीवर घेतलं, तिची नखं एकेक करून पाहिली, गुलाबी आहेत ना ते. मग मला म्हणाल्या, ती इंजिनिअर मुलगी सांगत होती की तो फक्त तक्रार ऐकतो. समजा, आमच्याकडून तक्रार आली आणि तुमच्याकडून थांबली, तर?

मी समजले. ए विंगच्या लोकांना पाणी चांगलं मिळत होतं म्हणून ते कधीचे चेहरे दाबायचे बंद झाले होते, आणि डी विंगमध्ये मचूळ पाणी मुरवायला जागा होती तोवर भगीरथलाही त्यांच्याकडे वळायची गरज नव्हती. त्या विंगमध्ये रोज दाबणारी मी एकटी उरले होते.

“तुम्ही मात्र आता काही बोलायचं नाही, उज्ज्वलाताई,” त्या म्हणाल्या. “फोनवर नाही, ग्रुपवर नाही. जमेल का?”

जमेल का, हे त्यांनी खरंच काळजीनं विचारलं. मी त्यांना हॉस्पिटलात बोललेल्या शब्दांबद्दल क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, अहो, राहू द्या, आणि विषय बदलला. त्यांचा तो स्वभाव काही एका दिवसात जाणार नव्हता.

बाळंतिणीसाठी केलेले डिंकाचे लाडू त्यांच्याकडे उरले होते. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून ते डब्यात घालून त्या डी आणि सी विंगच्या दारोदार गेल्या. पाणी खराब आहे, तक्रार करा, असं त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. तसं सांगितलं असतं तर लाडू घेऊन दारं हळूच बंद झाली असती. त्या म्हणाल्या, माझ्यासाठी एवढं करा, रोज सकाळी फोनवर तो रडका चेहरा दाबा, मला बरं वाटेल. आता शुभदाताईंना नाही म्हणायचं म्हणजे वाईटपणा घ्यायचा, आणि तो घेण्याची त्या घरांत कोणाची तयारी नव्हती. ज्यांनी स्वतःच्या पोटासाठी बोट उचललं नाही, त्यांनी शुभदाताईंच्या भिडेखातर उचललं.

लाडू खाता खाता लोक बोलते झाले. कोणाचे केस गळत होते, कोणाच्या नळावर पांढरी खडी धरत होती, कोणाकडे डाळ शिजत नव्हती. प्रत्येकाला वाटत होतं की हे आपल्याच घरात आहे, आपलाच नळ जुना असेल. शुभदाताई मला हे सांगत तेव्हा माझे कान तापायचे. इतकी वर्षं ही माणसं लिफ्टमध्ये भेटत होती, ‘काय, बरं आहे ना?’ विचारत होती, आणि ‘हो, बरं आहे’ सांगून उतरत होती.

मी गप्प बसले. हे वाक्य लिहायला सोपं आहे. सकाळी फोन वाजला की माझं बोट आपोआप उठायचं, आणि ऋजुता माझ्या हातातून फोन काढून घ्यायची. दोन-तीन सकाळी असं झाल्यावर तिनं विचारलं, हे सगळं सासूबाईंनी सुरू केलं? मी हो म्हटलं. त्या दारोदार गेल्या? मी पुन्हा हो म्हटलं. ती बराच वेळ शाल्मलीला थोपटत बसली. संध्याकाळी तिनं स्वतः फोन लावला आणि सासूला विचारलं, आई, तुमचे पाय दुखत असतील ना.

आठवड्याभरात भगीरथनं नवी शिकवण घेतली. डी विंगमध्ये रडके चेहरे वाढले तसं त्यानं तिकडचं मचूळ पाणी कमी केलं. ते कुठेतरी मुरवायचं होतंच. त्यानं शांत घरं शोधली, आणि या वेळी ती ए विंगमध्ये होती.

पहिल्या दिवशी मला घोट घेताच कळलं. जिभेवर एक जड, मचूळ चव राहिली. मी ते पाणी प्यायले. बाळासाठी कॅन होताच. ग्लास खाली ठेवला आणि वाट बघत बसले.

फार वाट बघावी लागली नाही. नाश्त्याच्या सुमाराला सोसायटीचा ग्रुप पेटला. पाणी खारट का लागतंय? मशीन बिघडलंय का? चहा तोंडात घेववत नाही. सभेत चेहरा दाबायचा सल्ला देणाऱ्या बाईंनी लिहिलं की हा आरोग्याशी खेळ आहे आणि आमच्या जिवाची कोणाला पर्वा आहे की नाही. ‘आमचं पाणी मुद्दाम बिघडवायचं का’ वाले गृहस्थ पोलिसात जायचं म्हणत होते. सबनिसांनी लिहिलं की सरासरी तपासली आहे, ती मर्यादेत आहे. त्यावर त्यांच्याच विंगमधल्या माणसांनी त्यांना जे ऐकवलं, त्यात मला भर घालावीशी वाटली नाही.

आणि मग ग्रुपवर एक नाव आलं जे तिथे कधीच दिसलं नव्हतं. शुभदा टिपणीस, डी सहाशेचार.

‘सर्वांना नमस्कार. पाण्यात काही बिघाड नाही. भगीरथ आला तेव्हापासून आम्ही हेच पाणी पीत आहोत. आमच्या नातीला हेच पाजलं होतं. तसदीबद्दल क्षमस्व.’



सबनिसांचा मला फोन आला. हे तुमचंच काम असणार, म्हणाले. मी सांगितलं की मी आठवडाभर तोंड उघडलेलं नाही, भगीरथला विचारून बघा, तो खोटं बोलत नाही. त्यांनी फोन ठेवला आणि तातडीची सभा बोलावली. त्या सभेत दुसऱ्या गाळणी यंत्राचा ठराव ए विंगनं मांडला, ए विंगनंच अनुमोदन दिलं, आणि सारख्या वाटपाचा ठराव चर्चेशिवाय पास झाला. लोक एकमेकांचं अभिनंदन करत होते. पुढे यंत्र आलं, सगळ्या विंगांचं पाणी तपासून घेतलं, आणि ऋजुता शाल्मलीला घेऊन तिच्या घरी गेली. या वेळी खण-नारळ काही केलं नाही. शुभदाताई बाग ओलांडून स्वतः न्यायला आल्या होत्या.

लोक मला आता म्हणतात, झालं ना सगळं नीट, आता तरी सोडा राग. मी नाही सोडणार. माझी नात निळी पडली त्या आठवड्यातल्या सभेला क्लबहाउस निम्मं रिकामं होतं. ए विंगचा चहा खारट झाला, त्या संध्याकाळी खुर्च्या कमी पडल्या.